चुना टाकलेला उकिरडा

वरचा थर : चुना

चुना घर रंगवायला आणला होता. दोन गोण्या उरल्या. लोटननं त्या उकिरड्यावर रिकाम्या केल्या, वर पाणी ओतलं, सालदार गड्याकडून सगळं खालीवर करून घेतलं. भसाभसा वाफ निघाली. लोटनला वाटलं, काम झालं. माशा गेल्या, वास गेला.

वास गेला नव्हता. बदलला होता. शेवंताबाई दोन दिवसांनी लेकीकडून, पिंपळनेरहून परतली तर अंगणाच्या कोपऱ्यावरच तिच्या नाकात सुई टोचल्यासारखं झालं. डोळ्यांतून पाणी. खताचा सगळा कस वाऱ्यावर चालला होता.

अंगण सामाईक होतं. उकिरडा नव्हता. उकिरडा तिचा होता, लोटन तिचा दीर होता, आणि त्यानं विचारलं नव्हतं.

कडुनिंबाची एक काठी ती उकिरड्यात खोल खुपसून ठेवायची. आठवड्याला ओढायची, मुठीत धरायची. चटका बसला की आत काम चालू आहे.

तिनं काठी ओढली.

गार.

त्याखाली : कडबा

नवरा गेल्यावर वाटणी झाली. नाल्याकाठचा तुकडा तिला आला. चोपण जमीन. पावसात साबण, उन्हात वीट. वर खाराची पांढरी पापडी. तिथं गवतसुद्धा उगवायचं नाही. लोटननं तो तुकडा देताना तोंड गंभीर ठेवलं होतं, हे तिच्या लक्षात आहे.

कृषी सहायकानं सांगितलं होतं, जिप्सम टाका. पण नुसतं जिप्सम नको. जिप्सम खार सोडवील, पाणी त्याला खाली नेईल, मात्र माती भुसभुशीत ठेवायला खतातले जीव लागतात, डोळ्यांना न दिसणारे. हे तो फार समजावून सांगत होता. रोज रात्री दुधाला विरजण लावणाऱ्या बाईला!

चार वर्षं. शेण, गोठ्यातली मुतानं भिजलेली माती, दादर ज्वारीच्या कडब्याचे बुंधे, कपाशीच्या पऱ्हाटीचा चुरा. राख नाही. राख खारी, चोपणीला चालत नाही, म्हणून चार वर्षं ती चुलीची राख गावाबाहेर नेऊन टाकत होती. डोक्यावरून. रोज.

आणि यानं दोन गोण्या चुना.

अर्धा तुकडा काळा झाला होता. गेल्या आषाढात तिथं गांडूळ निघालं. ती ते तळहातावर घेऊन बांधावर बसून राहिली होती. उरलेला अर्धा यंदा करायचा होता, पावसाआधी. खत चुकलं तर वर्ष चुकलं, आणि पांढरी पापडी काही वाट बघत बसत नाही. ती काळ्याकडे सरकते.

त्याखाली : शेण

लोटनच्या मुलासाठी मुलीकडचे घर बघायला येणार होते. मुलीचा बाप वरणगावच्या कारखान्यात, राहायला क्वार्टर. त्याला माशा दिसू नयेत म्हणून हा सगळा चुना.

पण बापाबरोबर मुलीचे आजोबा आले. अभिमन आबा. जुनी माणसं सोयरिकीला गेली की आधी उकिरडा बघतात. केवढा आहे, आतून किती गरम आहे. त्यावरून घरात ढोरं किती आणि कामाचे हात किती ते कळतं. आबांनी रंगवलेल्या भिंतीकडे बघितलंही नाही. सरळ उकिरड्याकडे गेले, बाही सारली आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

"हाऊ उकिरडा कोना शे?"

लोटन आपलं शेण वीटभट्टीला द्यायचा आणि युरिया आणायचा. त्याचा उकिरडाच नव्हता.

"आमनाच शे, आबा," तो म्हणाला.

शेवंताबाई चुलीपाशी पाहुण्यांचा चहा करत होती. सोयऱ्यांसमोर बाई बोलत नाही. ती पदर घेऊन बाहेर आली, हातात काठी.

"मना शे. यानी चुना टाकीसन मारी टाका."

लोटन पाहुण्यांकडे बघून हसला. "तुम्ही बी ते वावरमा पांढरंच टाकतस ना, वहिनी?"

चार वर्षं त्यानं तिला जिप्समच्या पाट्या वाहताना बघितलं होतं. त्यातून त्याला एवढंच कळलं होतं. रंग.

ती आबांकडे बघत राहिली. त्यांचा हात आत जाऊन आला होता, त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, त्यांना कळलं होतं. आबांनी हात मातीनं पुसला. मुलीच्या बापानं चहाचं विचारलं. आबा बशीतला चहा फुंकून प्याले. सुपारी फुटली.

तळ : माती

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गाडी जुंपली आणि तो मेलेला ढीग लोटनच्या रंगवलेल्या भिंतीला लावून ओतला. सात खेपा. सातवी दारात.

लोटन ओरडत आला. तिनं आवाज चढवला नाही. तुझ्या सहा ढोरांचं शेण पावसापर्यंत रोज माझ्या खड्ड्यात, असं तिनं सांगितलं. नाहीतर मांडव यावरच घाल. लग्नाला वीस दिवस होते. त्यानं गल्ली बघितली, भिंत बघितली, आणि सालदाराला हाक मारली.

खड्डा तिनं खरवडून काढला. नवं शेण, कडबा, आणि दर थराला एक पाटी माती, तिच्याच काळ्या झालेल्या तुकड्यातली. विरजण. तरी हे मृगापर्यंत पुरतं कुजणार नव्हतं. फार तर चार वाफ्यांपुरतं. बाकीचं पांढरं यंदा पांढरंच राहणार होतं, आणि ते कोणी विसरावं अशी तिची इच्छा नव्हती.

बाराव्या दिवशी लोटन पत्रिका घेऊन आला. झालं गेलं विसरा, म्हणाला, घरचं कार्य आहे. तिनं काठी ओढली आणि त्याच्यापुढे केली.

"धर."

त्यानं धरली. लगेच सोडली. हात झटकत त्यानं पत्रिका कडेला ठेवली आणि तो निघून गेला.

तिनं काठी परत खुपसली. पत्रिका उचलली. कागदच होता, कोपऱ्यांना हळद लावलेला. तिनं ती चार तुकडे करून शेणाखाली घातली आणि वरून पाटीभर माती टाकली.