शुक्रवारची ओटी

आमच्या जुईनगरच्या बिल्डिंगमध्ये भूत आहे, हे मला सांगितलं सोसायटीचे सेक्रेटरी मधुकरराव यांनी. तेही छाती फुगवून, जणू काही लिफ्टच बसवून घेतलीये! माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये पूर्वी मीना नावाची बाई राहायची. स्टोव्हचा भडका उडाला आणि गेली. मी इथे यायच्या आधीची गोष्ट. तिचा नवरा घर सोडून गेला, फ्लॅटला बरेच दिवस कुलूप होतं. मग शहाण्णव साली आशुतोष आणि क्षिप्रा तिथे भाड्याने आले, आणि महिन्याभरात आवाज सुरू झाले. भर दुपारी. आधी काहीतरी फरफटत नेल्यासारखं, मग भिंतीवर धप्प, मग बाईचा दबका आवाज, "नको... नको ना."

"मीनाच ती," सगळे म्हणाले. "शुक्रवारीच येते बघा. देवीचा वार."

क्षिप्राच्या दंडावर काळेनिळे वळ दिसले, की आशुतोष आपणहून सांगायचा, "ती हिला ढकलते हो. काय करू मी?" डोळ्यांत पाणी आणायचा. लोक त्यालाच बसवून चहा पाजायचे. क्षिप्रा खाली मान घालून म्हणायची, "हो. तीच."

माझं डोकंच फिरलं. मी दवाखान्यातली नर्स. वळ कशाचे असतात ते मला शिकवू नका. चार बोटं एका अंगाला, अंगठा दुसऱ्या अंगाला. भुताला अंगठा असतो होय? आणि कसला डोंबलाचा देवीचा वार! शुक्रवारी इथले कारखाने बंद असतात, म्हणून हा बाबा घरी असतो.

मी मधुकररावांचं दार वाजवलं. ते म्हणाले, "सिस्टर, नवरा-बायकोचं आहे. उद्या पोलीस केस झाली तर बघू."

"वा! हिवतापाने माणूस मेल्यावर मी पाण्याच्या टाक्या तपासत फिरते का हो? आधी डासाच्या घरी जातो आपण. हाही रोगच आहे. एक बाई गेली त्या घरातून, आता दुसरीची वाट बघताय?"

"टेन्शन घेऊ नका," म्हणाले आणि दार लावून घेतलं.

क्षिप्राला मी जिन्यात गाठलं. "चल माझ्याकडे." तिने हात सोडवून घेतला. "ताई, तुम्ही त्याचं नाव जरी घेतलंत ना, तर तो मला जिवंत ठेवणार नाही." थट्टा नव्हती ती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

म्हणजे त्याचं नाव घ्यायचं नाही. बरं. मग भुताचं घेऊ!

तळमजल्यावर मरियमभाभी राहायच्या. श्रीवर्धनच्या, बिल्डिंग झाली तेव्हापासून इथेच. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी उठून टीव्ही बंद केला. मग म्हणाल्या, "चला. नारळ मी देते, आमच्या वाडीतले पडलेत."

पुढच्या शुक्रवारी वर पहिला धप्प झाला आणि शेजारच्या दोघींना धरून आम्ही चौघीजणींनी ताट घेऊन बेल दाबली. "मीनाची ओटी भरायला आलोय. सवाष्ण गेली ना बिचारी, तिची शांती व्हायला नको?" आशुतोषचं तोंड बघायला हवं होतं! नाही म्हणणार कुठल्या तोंडाने? भूत त्यानेच पोसलेलं. आम्ही ओट्याच्या कोपऱ्याला सावकाश हळदीकुंकू वाहिलं, तांदूळ ठेवले, गप्पा मारत बसलो. परत आवाज आला, की परत ताट. एकदा तर एकाच दुपारी दोनदा. क्षिप्राच्या दंडावरचे वळ पिवळे पडत गेले, नवे उठेनात. मला इतका आनंद झाला! वाटलं, लागू पडलं औषध.

मग एका मंगळवारी तो कामावर गेलाच नाही. आम्हाला कुणाला पत्ता नाही. वर सगळं शांत होतं, नेहमीपेक्षा जास्तच. मी ड्यूटीवरून येऊन भात लावत होते, आणि वरून किंकाळी आली. "नको!" माझ्या मांडणीवरची भांडी थरथरली.

ताट कुठलं घेतेय, तशीच पळाले. मागून मरियमभाभी धापा टाकत आल्या. बेलला कुणी दार उघडेना. रॉकेलचा वास बाहेरपर्यंत येत होता. आम्ही दोघींनी खांदे लावून दार ढकललं, कडी उचकटली.

क्षिप्रा स्वयंपाकघरात खाली पडलेली, साडी रॉकेलने चिंब. त्याचे दोन्ही हात तिच्या गळ्याभोवती, शेजारी काडेपेटी. मी कोपऱ्यातला पाट उचलून त्याच्या पाठीत घातला. तोवर आजूबाजूचे लोक धावत आले, त्यांनी त्याला धरलं. "मी नाही, ती..." तो ओरडत होता. आज कुणीच त्याचं ऐकलं नाही.

मी क्षिप्राला खाली घरी आणलं, अंग पुसलं. गळ्यावर दोन्ही अंगठे उमटले होते. मी रडतच म्हणाले, "बरं झालं गं बाई ओरडलीस."

तिने मान हलवली. आवाज नव्हताच, नुसता श्वास. "मी नाही ओरडले, ताई. आवाजच फुटत नव्हता."

मी तिचा गळा नीट पाहिला. खरंच होतं. त्या गळ्यातून किंकाळी निघणं शक्यच नव्हतं.

"भाभी, तुम्ही पण ऐकलंत ना? कोण ओरडलं मग?"

मरियमभाभी दारातच खाली बसल्या होत्या. पदर तोंडात धरून रडत होत्या.

"मी वळखते तो आवाज," त्या म्हणाल्या. "मीना होती तेव्हा रोज यायचा. आमी टीव्ही मोठा करायचो."