सव्वा तासाचं अंतर

तिकिटांच्या कचेरीत त्याला सगळे उड्डाणमंत्री म्हणत. कुठल्याही दोन शहरांची नावं घ्या, दोन विमानतळांमध्ये किती किलोमीटर आणि विमानाला किती वेळ, हे गडी मान वर न करता सांगून मोकळा. स्वतः मात्र नोकरीच्या बावीस वर्षांत एकदाही विमानात बसला नव्हता. ते कुणी विचारत नसे आणि तोही आपणहून सांगायच्या भानगडीत पडत नसे.

ताईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. तिचा फोन आला, "मंगळवारी चारला आत घेणार आहेत. तू आदल्या दिवशीच बस पकड बाबा."

"बस? अगं, सहाशे चाळीस किलोमीटर म्हणजे सव्वा तास. बाराच्या विमानात बसलो की सव्वाला तुझ्या शहरात!"

"बघ हं. एकटीला भीती वाटते मला."

"मी आहे ना!"

मंगळवारी विमान दारं लावून पाऊण तास रांगेतच उभं राहिलं. उडालं, आणि हवेत मात्र बरोबर सव्वा तास. मंत्र्यांची छाती फुगली. शेजारच्या बाईंना त्याने घड्याळ दाखवलं. बाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. तेवढ्यात विमानाने खाली उतरायचं सोडून शहराभोवती घिरट्या सुरू केल्या, चांगला पाऊण तास. मग बॅग येईना; ती मागाहून पाठवतो, असं तिथल्या माणसाने सांगितलं. शेवटी टॅक्सीत बसला तर चालक म्हणाला, "विमानतळ गावाबाहेर, त्यात पुलाचं काम. दोन तास धरा."

"दोन तास? अहो, सहाशे चाळीस किलोमीटरला सव्वा तास लागला!"

"मग उडतच जायचं होतं की पुढेही," चालक म्हणाला.

लोकांना हेच अर्धवट उत्तर तोऱ्यात देत आलो, हे त्या खोळंब्यात त्याच्या डोक्यात शिरलं. घरापासून विमानापर्यंत आणि विमानापासून माणसापर्यंत काय, हे कुणाला सांगितलंच नव्हतं. मंत्री कसला, शुद्ध बैलोबा!

तो दवाखान्यात पोचला तेव्हा सहा वाजत आले होते. ताई डोळ्याला पट्टी बांधून पडली होती. तिच्यासोबत आलेल्या शेजारणीने त्याला बाजूला घेतलं. "भाऊ येतोय म्हणून हिने डॉक्टरांना पाचपर्यंत थांबवलं. शेवटी कागदावर मीच सही केली."

तो पलंगाशी गेला. ताईने चाचपत त्याचा हात धरला.

"चुकलो गं, ताई."

"भीती वाटली खूप. पण आता आलास ना? जेवलास का काही?"

ती रात्र त्याने खुर्चीत काढली. सकाळी शेजारीणही आली आणि डॉक्टरांनी पट्टी सोडली. ताईने डोळे मिचकावले, कैक वर्षांनी स्पष्ट दिसणाऱ्या त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि किंचाळलीच, "अरे देवा! सगळे केस कुठे गेले तुझे?"

"बॅगेबरोबर येतील मागाहून," तो म्हणाला आणि शेजारणीच्या आधी स्वतःच खो खो हसत सुटला.