पापडावरची काजळी

खरं सांगतो मित्रांनो, हे लिहायचंच न्हवतं. कारण चूक माझ्याच तोंडातनं बाहेर पडलीया. पण मग वाटलं, मी गप बसलो तर माझा जाळ घालणारा केरबा परत एकटाच खोकत बसंल.

मी एक जुनी चिमणी हाय. दाणं टिपणारी न्हवं. कोडोलीच्या माळावरच्या गुऱ्हाळाची, विटांची. (आमच्याकडं बायका बी 'जातो-येतो'च म्हणत्यात, तवा हसू नका.) खाली चुलवाणात उसाची वाळकी चिपाडं जळायची, वर काहिलीत रस उकळायचा. माझा पांढरा धूर लांबनं बघून लोक म्हणायचे, "गूळ निघाय लागला!" लई मान हुता.

गेल्या हंगामात अवकाळीनं चिपाडं भिजली. मालक विजयसिंहदादांनी टायरचं तुकडं आणलं, रबराचं कातरण आणलं. जाळ भडकला. मी काळं वकाय लागलो. जाळ घालणाऱ्या केरबाची छाती धुरानं भरली, खोकला लागला.

"दादा, चिमणी उंच करूया की. धूर लांब जाईल," केरबाच म्हणाला.

माझ्यावर दहा फूट पत्र्याचा पाईप चढला. धूर खरंच लांब गेला. केरबाला बरं वाटलं. मी बी फुगलो.

चौथ्या दिवशी त्याची बायको बायडाबाई अंगणात वाळत घातलेल्या पापडांचं सूप घेऊन आली. पापडावर काळं ठिपकं.

"दादा, तुमच्या चिमणीनं तीळ लावून दिल्यात. खावा की एक!"

दादा मागं सरले.

"न्हाय? आमची पोरगी मोना हीच हवा खाती. खोकून खोकून शाळा बुडाय लागलीया तिची."

केरबाचं तोंड उतरलं. खालच्या उताराला त्याचंच घर. धूर लांब गेलाच न्हवता, त्याच्या घरी गेलता.

हातातला टायरचा तुकडा त्यानं खाली टाकला. "दादा, हे मी न्हाय घालणार. दुसरा माणूस बघा."

"तोडलेला ऊस वाळंल, केरबा."

"वाळू दे."

दादांनी पापडावर बोट फिरवलं, बोट काळं झालं. "दुसरा कशाला? इझव ते. चिपाडं वाळूस्तवर थांबू."

आता चिपाडांवर पत्र्याचं छप्पर हाय. टायर ट्रॅक्टरनं परत गेलं. परवा मोना गरम काकवीला वाटी घेऊन आलती. खोकली, पण एकदाच.

मित्रांनो, आम्हाला उंच करायच्या आधी खाली काय घालताय ते बघा.

आणि केरबा, दोस्ता, तुला शब्द देतो. धूर अडवायची ताकद माझ्यात न्हाय. पण खाली जे जळंल तेच वर दाखवीन. काळं असलं तर काळंच. सगळ्या कोडोलीला दिसंल असं.