सांगावा बंद होतो

बेंगळुरूचा कार्यक्रम सकाळी ऑनलाइन सुरू होणार होता आणि धर्मेंद्र सरांनी नाश्त्याला गिला वडा आधीच मागवून ठेवला होता. अमरावतीच्या गाडगे नगरातलं त्यांचं ऑफिस म्हणजे बियाण्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. हर्षानं भिंतीवरच्या टीव्हीला लॅपटॉप जोडला, गजेंद्रनं खुर्च्या ओढल्या. तिघंच होते. कंपनी म्हणजे तेवढीच.

धर्मेंद्र सर पुण्याची चांगली नोकरी सोडून परत आले होते. अमरावतीत बसूनही सॉफ्टवेअर बनवता येतं, हे त्यांना दाखवायचं होतं. त्यातून 'सांगावा' तयार झाला, लहान दवाखान्यांतल्या नर्ससाठीचं ॲप. ड्यूटी बदलताना पुढच्या नर्सला जे सांगायचं ते फोनमध्ये नुसतं बोलायचं, तेही वऱ्हाडीत. ॲप ते लिहून काढायचं आणि ज्या त्या पेशंटच्या नावापुढे लावून द्यायचं. हर्षा बार्शीटाकळीची. तिनं अकोल्यापासून परतवाड्यापर्यंतचे दवाखाने पालथे घालून नर्सचे आवाज गोळा केले आणि त्यांवर ॲपला वऱ्हाडी शिकवली.

ऑफिसातल्या मेसेजसाठी देशभर वापरतात त्या मोठ्या ॲपच्या बेंगळुरूच्या कंपनीनं हिवाळ्यात स्वतःहून फोन केला होता. 'सांगावा' आमच्या ॲपला जोडू या, म्हणाले. मग व्हिडिओवर बैठका झाल्या. त्यांची माणसं फार आदबीनं बोलायची. हे बटण इथंच का, नर्स कुठे अडखळते, सगळं विचारायची, आणि हर्षा सगळं दाखवायची. नंतर फोन थांबले. आता मेल आला होता: हेल्थ ॲप बनवणाऱ्यांसाठी आम्ही काही नवं जाहीर करतोय, जरूर बघा.

"आपलं नाव घेतीन बहुतेक," गजेंद्र म्हणाला.

"घ्यालेच पायजे," सर म्हणाले. त्यांनी त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

मंचावर एक बाई आल्या. लांबलचक चर्चेचा आपोआप सारांश, भाषांतर, सुट्टीवरच्या माणसाला मेसेजचा त्रास नाही, असं एकेक दाखवत गेल्या. मग म्हणाल्या, "आता दवाखान्यांसाठी." पडद्यावर एक नर्स फोनमध्ये इंग्रजीत बोलली: तीन नंबरच्या काकूंना मळमळतंय, दुपारची गोळी राहिली आहे. बोललेलं सगळं लिहून निघालं आणि काकूंच्या नावापुढे जाऊन बसलं.

हर्षानं हातातला वडा खाली ठेवला. ते वाक्य तिचं होतं. प्रत्येक बैठकीत नमुन्यासाठी ती हेच बोलून दाखवायची. त्यांनी फक्त भाषा बदलली होती, तीन नंबरसुद्धा बदलला नव्हता.

"आणि हे सगळ्यांना मोफत," बाई म्हणाल्या. टाळ्या झाल्या.

गजेंद्र उठून उभा राहिला. "सर, हे तं आपलं उचललं यायनं! केस टाका."

सर टीव्हीकडेच बघत होते. "बैठकांच्या आधी त्याहीच्या करारावर सही केली ना मी. आपण केलेली सूचना त्याहीले वापरता येईन, असं लिवलं होतं त्यात. वाचलं होतं मी. मले वाटलं, सूचना म्हणजे बारीकसारीक काही."

कार्यक्रम पुढे चालूच होता. तो बंद करायचंही कुणाला सुचलं नाही.

त्यानंतर दवाखाने एकामागून एक सुटत गेले. कुणी कळवलं, कुणी नुसतंच वापरणं सोडून दिलं. परतवाड्याच्या दवाखान्यानं काहीच कळवलं नाही, म्हणून हर्षा एसटीनं तिथं गेली. तिथल्या जमुना सिस्टर 'सांगावा' वापरणाऱ्या पहिल्या नर्स होत्या. आम्ही बंद करतोय, हे त्यांना फोनवर सांगायला हर्षाला जड जात होतं.

जमुनाताई ड्रेसिंग संपवून बाहेर आल्या. "अवं, तू कायले आली एवढ्या उन्हात? आमच्या डॉक्टरसायबानं ते नवंवालं टाकून देलं समद्यांच्या फोनात."

"कसं आहे, ताई?"

"लवकर उघडते. तुमच्यावानी अटकत नाई." मग त्यांना वाटलं असावं की आपण लागेल असं बोललो. "मराठी नाई समजत पन त्याले नीट. हिंदीत बोला लागते."

हर्षानं त्यांचा फोन घेऊन बघितला. खरंच लवकर उघडत होतं. अक्षरं मोठी होती, नेट गेलं तरी काम अडत नव्हतं. ते कसं जमवायचं याच्यासाठी ती आणि गजेंद्र वर्षभर डोकेफोड करत होते. शिव्या द्यायला काहीतरी सापडेल अशी आशा तिच्या मनात होती, तेवढीही राहिली नाही.

"चहा घे," जमुनाताई म्हणाल्या, पण तेवढ्यात आतून हाक आली आणि त्या गेल्या.

तिथून ती अमरावतीला न जाता घरी बार्शीटाकळीला गेली. तिचे वडील पुंजाराम भाजीपाला आणि झेंडू लावायचे. माल घेऊन अकोल्याच्या बाजारात गेले की ओळखीच्यांना सांगायचे, माई पोरगी दवाखान्याचं ॲप बनवते. हर्षानं सगळी हकिकत सांगितली. त्यांनी मन लावून ऐकली.

"म्हंजे नर्सबाया आता बोलून लिवतात?"

"हो, बाबा."

"अन् फुकट?"

"हो."

"मंग चांगलंच झालं ना, माय. तुमचं काम तं झालंच. नाव कोनाचं का असेना."

ते तिला बरं वाटावं म्हणून बोलले होते. हर्षा उठून मोरीत गेली, नळ सोडला आणि पाण्याच्या आवाजात रडली.

गजेंद्रला नागपुरात नोकरी लागली आणि तो गेला. हर्षा अमरावतीला परत आली तेव्हा सर एकटेच ऑफिसात बसले होते. दाढी वाढली होती.

"बेंगळुरूवाल्यांचा फोन आला होता," ते म्हणाले. "ॲप नको म्हणतात. वऱ्हाडीसाठी आवाज पायजेत. तू गोळा केलेले सगळे आवाज द्या, म्हणतात, तं दोघांलेही घेतो. तुले घरूनच काम. मलेही."

आवाज घेताना हर्षा प्रत्येक नर्ससमोर बसली होती. काही जणी घाबरायच्या: आमचं बोलणं कुठे जाईल, कोण ऐकेल, उद्या डॉक्टर रागावले तर? ती म्हणायची, आमच्या ॲपच्या बाहेर नाही जाणार. जमुनाताईंनी तर तिचा हात हातात घेऊन हे वदवून घेतलं होतं.

"आवाज तू आणले," सर म्हणाले. "तू म्हणशीन तसं."

"मी शब्द देला होता, सर."

"मले माईत होतं तू हेच म्हणशीन." त्यांच्या आवाजात कौतुक होतं की निराशा, हे तिला कळलं नाही. "मंग आपल्याकडं तरी कायले ठेवाचे? उद्या माझंच मन फिरलं तं?"

तिनं लॅपटॉप उघडला. पुसण्याआधी एक आवाज लावला. कुणीतरी बाई 'काय बोलू वं?' म्हणत हसत सुटली होती, मागे मूल रडत होतं. दुसरा तिनं लावला नाही. खरंच पुसायचं का, असं स्क्रीनवर आलं. सरांनी मान हलवली. हर्षानं बटण दाबलं, आणि दोन वर्षांचं काम चहा होण्याच्या आत नाहीसं झालं.

सर पुण्याला गेले. तिथे त्यांना जुन्याच कंपनीत घेतलं, एकेकाळी त्यांच्या हाताखाली असलेल्या माणसाच्या हाताखाली. हर्षा घरी आली. पुण्या-नागपूरला अर्ज करत राहिली आणि मधल्या वेळात आईबरोबर झेंडू तोडत राहिली. एवढं एक आपण नीट केलं, असं ती स्वतःला सांगायची. बाकी सगळं गेलं तरी.

पोळ्यानंतर जमुनाताईंचा फोन आला. फोन बदलल्यावर जुने मेसेज कसे आणायचे, ते त्यांना विचारायचं होतं. हर्षानं सांगितलं. मग त्या सहज म्हणाल्या, "अवं, आता वऱ्हाडीबी समजते त्याले. फसकलास."

"कसं काय?"

"त्याहीनं इचारलं ना फोनातच, तुमचे आवाज घेऊ का म्हनून. डॉक्टरसायब म्हने, हो करा. आमी समद्यांनी हो केलं. लय दिवस झाले."

"तुम्हाला भीती नाही वाटली, ताई?"

"कायची?" जमुनाताई म्हणाल्या. आपण कधी घाबरलो होतो, हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. "समदेच करतात."

"बरं झालं, ताई," हर्षा म्हणाली आणि फोन ठेवला.

पुंजाराम फुलांचं पोतं शिवत होते. "कोन होतं?"

"दवाखान्यातली सिस्टर."

"काय म्हने?"

"चांगलं चाललं म्हने."

त्यांनी मान डोलावली. सुतळी संपली होती, ती त्यांनी तिच्याकडे मागितली. हर्षाला ते ऐकूच आलं नाही. ते पुन्हा म्हणाले नाहीत, स्वतःच उठून आत गेले.