माझ्या पाण्यातले बुडबुडे

मी एक जुनी काचेची बाटली आहे. औषधाची नव्हे, सरबताची तर मुळीच नव्हे. मित्रांनो, फुप्फुसाचं ऑपरेशन झालं की छातीतून एक नळी बाहेर काढतात आणि तिचं टोक माझ्या पाण्यात बुडवतात. छातीत साचलेली हवा त्या वाटेनं येते, माझ्यात बुडबुडे उठतात. ते थांबले की फुप्फुस सांधलं, नळी काढायची. या कामाला शहाणपण लागत नाही, पण लबाडीही चालत नाही.

भट्टीतून निघाले तेव्हा मी नितळ होते. मग वर्षानुवर्षं वाफेत शिजले, ओरखडे पडले. एकदा एका काकांनी झाडायला अडचण नको म्हणून मला पलंगाखालून काढून उशाशी ठेवलं. सिस्टर ओरडतच आली, "अहो, खाली ठेवा आधी! पाणी उलटं छातीत जाईल!" काका पांढरेफटक पडले. पुढे प्लास्टिकचे डबे आले आणि माझी रवानगी वरच्या फळीवर झाली. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय! डबे संपले की तेवढी माझी आठवण व्हायची.

असंच एकदा मला एका घड्याळजीच्या पलंगाखाली ठेवलं. त्याच्या श्वासनळीच्या फाट्याशी गाठ होती. अशा ठिकाणी पूर्वी बरगड्या फाकवून छाती उघडत. डॉक्टरबाईंनी ते दुर्बिणीतून, तीन भोकांमधून केलं. गाठीसकट फुप्फुसाचा वरचा भाग काढला, श्वासनळीची टोकं जोडली, उरलेलं फुप्फुस वाचवलं. साडेपाच तास लागले. कौतुक डॉक्टरबाईंचं झालं, दुर्बिणीचंही झालं. माझं कोण करतंय!

पण फुप्फुसाच्या कापलेल्या कडेतून हवा झिरपत होती. चौथ्या दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या, "आठव्या दिवसापर्यंत बुडबुडे थांबले नाहीत तर परत आत न्यावं लागेल. आणि या खेपेला कदाचित छाती उघडावी लागेल."

घड्याळजीनं धसकाच घेतला. खोकलं की बुडबुडे येतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. पाचव्या दिवशी डॉक्टरबाई "खोका" म्हणाल्या, तेव्हा तो घशातल्या घशात खाकरला. बुडबुडा एकही नाही.

"छान! उद्याही असंच राहिलं तर नळी काढू."

नळी काढली असती तर हवा आत कोंडून फुप्फुस मिटलं असतं. मला ते कळत होतं. पण माझं तोंड बूच लावण्यापुरतंच.

संध्याकाळी त्याला खरा खोकला आला. पलंगाजवळ बसलेल्या त्याच्या मोठ्या बहिणीनं, अक्कानं, खाली पाहिलं.

"अरे, सकाळी नव्हते, मग आता कसे आले?"

"अक्का, तुझ्या पाया पडतो, सांगू नकोस. मी परत आत जाणार नाही."

अक्कानं त्याचं पांघरूण सारखं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई आल्या, हा पुन्हा खाकरला. अक्का सहज बोलावं तशी म्हणाली, "डॉक्टर, लहानपणी यानं बाबांचं घड्याळ खोललं. जोडल्यावर चार चाकं उरली. तर म्हणतो कसा, 'बाबा, बघा किती हलकं झालंय!'"

घड्याळजीला हसू आवरेना. कूस दाबून तो हसत सुटला आणि माझ्यात भडाभडा बुडबुडे उठले.

"अक्का!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "फसवलंस मला."

"फसवलं. भांडायला तरी तू हवास ना रे मला!"

डॉक्टरबाई चिडल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या. "अहो, खोकलात की फुप्फुस फुलतं. फुलून छातीला आतून टेकलं की गळती बुजते. तुम्ही खोकला दाबून ऑपरेशनच जवळ ओढत होतात."

पुढचे दोन दिवस अक्का त्याच्या कुशीला उशी दाबून धरायची आणि हा "आई गं, आई गं" करत खोकायचा. तिच्याशी चकार शब्द बोलत नव्हता. आठव्या दिवशी कुणी सांगायच्या आतच तो पोटापासून खोकला. तीनदा. एकही बुडबुडा उठला नाही. अक्का मात्र भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडली.

नळी निघाली, तो घरी निघाला. अबोला अजून होताच; पण पिशवी काही त्यानं अक्काला उचलू दिली नाही.

मित्रांनो, मला फळीवर ठेवलंत तरी चालेल, धुऊन ठेवा म्हणजे झालं. आणि तुमच्या माणसाच्या पलंगाखाली कधी मी असले, तर त्याला मोठ्यानं खोकू द्या. दुखेल, तरी खोकू द्या. तुम्ही उशी धरा.