कस्तुरीचा मुजरा

घोडेस्वारीच्या क्लबात माणसाची किंमत जोखायची सोपी रीत होती. चहा कुणाला मिळतो ते बघायचं नाही, चहा सगळ्यांनाच मिळायचा. खुर्ची कुणाला मिळते ते बघायचं. साखर कारखान्याच्या डायरेक्टरसाहेबांच्या पोराला घोड्यावरनं उतरायच्या आधीच खुर्ची यायची, वकिलांना उतरल्यावर. निसार मुल्लाणीच्या हातात नुसती कपबशी यायची आणि तो आपल्या घोडीला टेकून उभ्यानंच चहा प्यायचा. दिवसभर त्याच कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकुनी करणाऱ्याला उभं राहायची सवय असते, अशी त्यानं मनाची समजूत घातलेली.

खरं कारण त्याला माहीत होतं. त्याची कस्तुरी वरातीची घोडी होती. त्याचे वडील अल्लाउद्दीन कसबा बावड्यात राहायचे, पण त्यांच्या घोडीवर बसल्याशिवाय हातकणंगल्यापर्यंतच्या नवऱ्यामुलांना लग्न लागल्यासारखं वाटायचं नाही. मांडवाच्या दारात अल्लाउद्दीन घोडीसमोर उभे राहायचे, उजवा हात कपाळाला लावून सलाम करायचे, आणि कस्तुरी उजवा पाय दुमडून, मान खाली घालून मुजरा करायची. शिकवताना त्यांनी तिला चापट मारली नव्हती. गूळ दिला होता आणि वाट बघितली होती. म्हातारा कुणाच्या लग्नातलं जेवण वाखाणायचा नाही, पण हा मुजरा मात्र स्वतःच वाखाणायचा.

निसारला लागला होता ड्रेसाजचा नाद. आखलेल्या चौकोनात घोड्यानं शिस्तीत चालायचं, वळायचं, थांबायचं, आणि स्वारानं त्याला काही सांगितलंय हे कुणाला दिसू द्यायचं नाही. त्याची आई कुलसुम म्हणायची, एवढं तर मी लग्न झाल्यापासनं करतीया, मला कुणी कप दिला न्हाय.

गेल्या वर्षी स्पर्धेत हौशी गटात कस्तुरी झकास चालली. शेवटी चौकोनाच्या मधोमध थांबून पंचांना मानवंदना द्यायची होती. तेवढा वेळ घोड्यानं खांबासारखं उभं राहायचं. निसारनं लगाम एका हातात घेतला, टोपी काढायला दुसरा हात डोक्याकडं नेला, आणि कस्तुरीनं पाय दुमडून मुजरा केला. निसार तिच्या मानेवर आला. पंच हसले, वकील हसले, आणि डायरेक्टरसाहेबांच्या पोरानं विचारलं, नवरीकडची मंडळी कुठं हायत म्हणून. पुण्याच्या मोठ्या स्पर्धेला जाणाऱ्या चमूतली जागा त्या हसण्यातच गेली. निसारच्या मनात मात्र ते वर्षभर वाजत राहिलं.

यंदा पुन्हा एकच जागा होती. अल्लाउद्दीन पावसाळाभर चंदगडला लेकीकडं, मदिनाकडं गेले. पावसात वराती नसतात. निसारनं ती संधी साधली. भल्या पहाटे कारखान्यामागच्या मोकळ्या रानात क्लबातली घोडी सांभाळणारा जोतीराम कस्तुरीवर बसायचा आणि टोपी काढायचा. निसार समोर छडी घेऊन उभा. गुडघा वाकला की छडी पायाच्या नळीवर बसायची. गुळानं शिकवलेलं गुळानंच विसरायला लावता आलं असतं, पण त्याला वेळ लागला असता. पहिले काही दिवस जोतीराम हसत होता. मग एकदा टोपी काढता काढता थांबला आणि म्हणाला, "पुरं की रं आता. थरथरतीया ती."

"उभी ऱ्हायली न्हवं?" निसार म्हणाला. "मग झालं तर."

दसऱ्याआधी स्पर्धा झाली. अल्लाउद्दीन चंदगडच्या एस.टी.तनं उतरून बोचक्यासकट थेट मैदानात आले आणि चौकोनाभोवतीच्या दोराशी उभे राहिले. निसारला ते दिसले आणि त्याच्या मांड्या आवळल्या. तेवढ्यानंही घोडी बिचकली, पण सावरली. वर्तुळं नीट झाली, दुडकी चाल नीट झाली. शेवटी ती मधोमध थांबली. निसारनं हात वर नेला. त्याला खोगिराखाली कस्तुरीचं अंग दगडासारखं घट्ट झालेलं कळलं. ती हलली नाही. टोपी निघाली, परत चढली. टाळ्या पडल्या.

पुण्याची जागा निसारला मिळाली. कप मिळाला. आणि घोडीवरनं उतरतो न उतरतो तोच कुणीतरी त्याच्यासाठी खुर्ची आणून ठेवली.

तो बसणार, तेवढ्यात अल्लाउद्दीन दोराखालनं आत आले. चेहऱ्यावर नवलाई होती. "हात वर गेला तरी उभी ऱ्हायली की रं," ते म्हणाले. "माझं तर ती असं कधी ऐकायची न्हाय." म्हणजे मुजरा गेल्याचं दुःख गिळून लेकाला शाबासकी द्यायचीही म्हाताऱ्याची तयारी होती. मग चार महिन्यांनी भेटलेल्या घोडीपुढं ते सवयीनं उभे राहिले आणि सवयीनंच हात कपाळाला लावला.

कस्तुरीनं मान वर फेकली, कान मागं पाडले आणि लगाम धरलेल्या जोतीरामाला ओढत ती मागं सरली. उजवा पाय पोटाखाली ओढून घेऊन कापत राहिली.

अल्लाउद्दीनचा हात कपाळावरच राहिला. मग त्यांनी तो हळूच खाली आणला, खाली बसले आणि तिच्या नळीवरनं बोटं फिरवली. एका जागी बोटं थांबली. तिथं टेंगूळ होतं.

"हे काय लागलं?"

"रानात दगड लागला असंल," निसार म्हणाला. जोतीराम दुसरीकडं बघत होता.

अल्लाउद्दीननी डावी नळी चाचपली. ती साफ होती. "दगडाला बरा उजवाच पाय घावला," ते म्हणाले, आणि उठले.

खुर्ची रिकामीच राहिली. घरी जाताना म्हातारा घोडीच्या पुढं चालला, दोन्ही हात पाठीमागं एकात एक धरून. बावड्याच्या रस्त्यावर ओळखीची माणसं भेटत होती, चाचा सलाम म्हणत होती. ज्या माणसाचा हात सलामाला कधी मागं राहिला नाही, तो आज नुसतं तोंडानं उत्तर देत होता. दोघाचौघांना ते लागलं. लेकाला कप मिळाला तर बापाला मिजास आली, असं एकानं ऐकू येईल असं बोलूनही दाखवलं. अल्लाउद्दीननी हात सोडवले नाहीत.

मागं निसार काखेत कप घेऊन चालला होता. ऊन डोक्यावर आलं होतं. कपाळावरचा घाम पुसायला त्यानं हात उचलला. शेजारी कस्तुरीचा कान हलला. त्यानं हात छातीशीच थांबवला, खाली घेतला, आणि घाम डोळ्यात उतरू दिला.