उसनी कौले

मित्रांनो, मी एक जुने मंगलोरी कौल आहे. माझ्या एका कोपऱ्याचा टवका उडाला आहे. पाठ शेवाळाने काळवंडली आहे, आणि मूळचा लाल रंग आता फक्त पोटाकडच्या बाजूला, जिथे ऊन पोचत नाही तिथे, शिल्लक आहे. तरी मी अजून पाणी अडवतो. मला तुमच्यापुढे रडगाणे गायचे नाही. मला जे सांगायचे आहे ते बहुतेक आभाराचेच आहे.

माझा जन्म दक्षिणेकडे, एका नदीच्या काठी झाला. तिथल्या चिकणमातीला पायांनी तुडवून, साच्यात दाबून आणि भट्टीत भाजून माझे कौल केले. मग गलबतात भरून आम्हाला समुद्रमार्गे वसईच्या पाचूबंदरात आणले. भरतीच्या पाण्यावर गलबत धक्क्याला लागले तेव्हा काठावर माणसांची ही गर्दी! मला वाटले, कोणी मोठा पाहुणा आला असावा. नंतर कळले, ती माणसे आम्हाला पाहायला आली होती.

त्याला कारणही तसेच होते. देश स्वतंत्र झाल्यानंतर वर्षभराने, कार्तिकात, वसईवर मोठे वादळ आले होते. माड मोडले, केळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची छपरे उडून गेली. खाडीचे पाणी मिठागरांचे बांध फोडून आत शिरले. त्या बांधांवर झोपड्या घालून राहणारी कामगारांची कुटुंबे एका दिवसात उघड्यावर आली. मिठागराच्या मालकांनी सांगून टाकले, "यापुढे बांधावर झोपड्या नकोत." आणि त्या लोकांपाशी दुसरी वीतभर जमीन नव्हती.

म्हणून गावकऱ्यांची एक समिती झाली. सरकारकडून सामान मिळाले आणि खाडीच्या अंगाला आठ खोल्यांची चाळ उभी राहू लागली. प्रत्येक खोलीला पुढे पडवी, मागे भाजीपाल्यापुरता परसू, आणि सगळ्यांना मिळून गोड्या पाण्याची एक विहीर. शिवाय घरपट्टी माफ. प्लासिड मेस्त्रींनी वासे चढवले, कौले टेकायला त्यांवर आडव्या रिपा ठोकल्या. आम्ही शेजारच्या मैदानात ढीग करून वाट पाहत बसलो.

आणि तिथेच काम अडले. त्या खोल्या कुणाला द्यायच्या यावरून गावात जुंपली.

चैत्रातल्या एका दुपारी मैदानात सभा भरली. समितीचे अध्यक्ष तुळशीदासभाऊ आमच्याच ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसले होते. सात खोल्यांचे कसेबसे ठरले होते. राहिली आठवी. ती मागणारे दोघे होते. एक मिठागरावरचा काशीराम. बायको सुभद्रा आणि मुले घेऊन तो देवळाच्या पडवीत दिवस काढत होता. दुसरे जगन्नाथ, केळीची लहानशी वाडी असलेले बागायतदार. त्यांच्या घराच्या भिंती शाबूत होत्या, पण छप्पर वादळाने उचलून नेले होते. म्हातारी आई, बायको जयवंती आणि मुले असे त्यांचे सगळे बिऱ्हाड गोठ्यात राहत होते.

जगन्नाथ उठून उभे राहिले. "माझं छप्पर गेलं ते मी घाम गाळून घातलेलं होतं," ते म्हणाले. "घरपट्टी मी भरतो. माझ्या बापाने भरली. आणि घरं कुणाला? ज्यांचं कधी घरच नव्हतं त्यांना! त्यात आणखी विहीर, त्यात परसू, त्यात पट्टी माफ. आमचं काय चुकलं म्हणून आम्ही गोठ्यात राहायचं?"

पुष्कळांनी टाळ्या वाजवल्या. मित्रांनो, त्यांचे बोलणे काही अगदीच खोटे नव्हते. पण टाळ्यांनी माणसाची जीभ सैल होते. ते पुढे बोलून गेले, "आणि यांना कौलांची काय सवय? उद्या विकून खातील आणि पुन्हा झावळ्या घालून बसतील!"

मिठागरावरची माणसे उसळून उठली. काशीराम मात्र जागचा हलला नाही. तो म्हणाला, "इकायला आमचेकडं कवा काय व्हता, म्हनून तशी सवय लागंल?"

आरडाओरडा वाढला. कोणी म्हणे हात वर करून मोजा, कोणी म्हणे समितीच बरखास्त करा. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून जयवंती पुढे आली.

"भाऊ, मी बोलू का?" तिने तुळशीदासभाऊंना विचारले.

"तू गप्प बस," जगन्नाथ म्हणाले.

"गप्पच बसलेय की इतके महिने. गोठ्यात." लोक हसले, पण ती हसली नाही. "भाऊ, आम्हाला ही खोली नको. आमच्या भिंती उभ्या आहेत. आम्हाला कौलं हवीत. सगळ्या किनाऱ्यावर कौलांची ओरड आहे, दारात पैसे घेऊन उभं राहिलं तरी कुणी देत नाही. इथे वाटायला खोली आहे, म्हणून हे खोली मागतायत. पावसाळा तोंडावर आलाय, सासूबाई खोकून हैराण आहेत."

तुळशीदासभाऊ म्हणाले, "वहिनी, कौलं सरकारी आहेत. खाजगी घरावर मला ती देता येणार नाहीत."

तेव्हा सुभद्रा बोलली. तान्हे मूल तिच्या कडेवर होते. "तुमी देऊ नका. आमाला खोली दिली तं तिचे वरची कौला आमची ना? मंग आमचे पडवीवरची न्या. आमी पडवीला झावल्या घालू. शेजारनीला तांदूल उसनं देतो, तशी कौला उसनी. मिलतील तवा परत करा."

बाकीच्या सात घरांच्या बायका एकमेकींशी कुजबुजल्या. "आमच्या पडवीचीही घ्या," त्यांच्यातली एक म्हणाली. तिचा नवरा तिच्यावर खेकसला. "आपल्या पडवीची कशाला?" पण तिने ऐकून न ऐकल्यासारखे केले.

तुळशीदासभाऊंनी बराच वेळ कपाळ चोळले. मग म्हणाले, "मी हे लिहून देणार नाही. तुम्ही बायकांनी ठरवलंय, तुम्हीच निभवा." आणि आठवी खोली काशीरामच्या नावाने पुकारली.

जगन्नाथ बायकोची वाट न पाहता तरातरा निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मिठागरावरची माणसे आम्हाला टोपल्यांत भरून, डोक्यावर घेऊन जगन्नाथांच्या वाडीत आली. प्लासिड मेस्त्री छपरावर बसले. शिडीच्या खालून वर हातोहात कौले जाऊ लागली. जगन्नाथ आधी केळीत खोटेच काही काम काढून पाठमोरे उभे होते. मग त्यांच्या आईने हाक मारली, "अरे, तुझं घर ना ते?" तसे ते आले आणि शिडीवर चढून काशीरामच्या वरच्या पायरीवर उभे राहिले.

काशीरामने मला त्यांच्या हातात दिले. त्यांनी मला धरले, पण वर दिले नाही. "काल मी बोललो ते..." एवढेच त्यांच्या तोंडून निघाले.

"बोलनं गेलं वाऱ्यावर," काशीराम म्हणाला. "कौल धर नीट. हातातनं निसटंल."

अशा रीतीने मी जगन्नाथांच्या छपरावर बसलो. त्या घराने मला काही कमी केले नाही. जयवंती सकाळी चूल पेटवी, तेव्हा उबदार धूर आमच्या फटींतून वाट काढी. म्हातारीचा खोकला हळूहळू थांबला. दर वैशाखात जगन्नाथ स्वतः वर चढत, आम्हाला एकेक करून उचलत, पालापाचोळा झाडत आणि पुन्हा नीट बसवत. आमच्या बदल्यात तेवढीच कौले परत करायची आहेत हे ते विसरले नव्हते. बाजारात कौलांची चौकशी ते करत राहिले. पण वादळानंतर सगळीकडेच घरे नव्याने उठत होती, आणि लहान बागायतदाराच्या वाट्याला कौले येत नव्हती.

तिकडे चाळीच्या पडव्यांवर दरवर्षी नव्या झावळ्या चढत. येणारे जाणारे हसत. "सरकारी घर आणि झावळ्यांची पडवी!" मग कोणीतरी म्हणाले, कौले विकली असतील. ज्यांना ती घरे त्या लोकांना मिळालेली पहिल्यापासून खुपत होती, त्यांना ही गोष्ट फार आवडली. सभेत काय ठरले ते ऐकलेली माणसे गावात होती, पण नसत्या भानगडीत कोण पडतो? तुळशीदासभाऊ तोवर वारले होते.

असे होता होता एका वैशाखात चौकशीला एक साहेब आले. त्या दिवशी काय झाले ते जयवंतीने संध्याकाळी धापा टाकत घरी येऊन सांगितले आणि मी वरून ऐकले.

"साहेब म्हणतो, सरकारी कौलं विकलीत, पावसाच्या आत खोल्या खाली करा."

"मग त्यांनी सांगितलं नाही, उसनी दिलीत म्हणून?" जगन्नाथांनी विचारले.

"सांगितलं. साहेब म्हणाला, कुणाला दिलीत त्याचं नाव सांगा. तर एकानेही तोंड उघडलं नाही. सुभद्रा मला हळूच म्हणाली, सरकारी कौला खाजगी घरावर, तुमचे मालकाला धरून नेतील. आमी नाव घेनार नाय."

जगन्नाथ ओट्यावर खाली बसले. जेवायची वेळ झाली तरी ते उठले नाहीत. जयवंतीने पान वाढून झाकून ठेवले.

सकाळी ते साहेबांना आणि चाळीतल्या माणसांना घेऊन वाडीत आले. वाटेत भेटेल त्यालाही त्यांनी बरोबर घेतले. अंगणात उभे राहून त्यांनी आमच्याकडे बोट केले.

"साहेब, ती कौलं ही. माझ्या डोक्यावर आहेत. हे लोक ती विकतील असं भर सभेत पहिल्यांदा बोललो तो मीच. आणि त्याच कौलांखाली माझी आई बरी झाली. शिक्षा करायची ती मला करा."

साहेब पेचात पडले. "कौलं पावसाच्या आत जागेवर दिसली पाहिजेत," ते अखेर म्हणाले, "म्हणजे मला खोल्यांबद्दल काही लिहावं लागणार नाही."

"आजच दिसतील," असे म्हणून जगन्नाथांनी शिडी लावली.

काशीराम पुढे धावला. "दादा, पावसाला किती दिस उरलं? तुजं घर उघडं पडंल!"

"पडू दे. तुम्ही इतके पावसाळे झावळ्यांखाली काढलेत ना?"

मग आम्ही पुन्हा हातोहात खाली उतरलो. सुभद्रा आणि चाळीतल्या बायकांनी त्याच संध्याकाळी झावळ्यांचे भारे आणून टाकले आणि मिठागरावरच्या माणसांनी जगन्नाथांचे घर असे शाकारून दिले की त्या पावसाळ्यात म्हातारीच्या अंथरुणावर थेंब पडला नाही. पुढच्या वर्षी जगन्नाथांना स्वतःची कौले मिळाली. उतरवताना माझ्यासारख्या काहींचे टवके उडाले होते. फुटलेल्यांच्या जागी त्यांनी नवी आणून दिली.

घरे कुणाला द्यावीत हे भांडण काही गावातून गेले नाही. आणखी एक चाळ बांधायचे ठरले तेव्हा पुन्हा सभा झाली, पुन्हा आवाज चढले. जगन्नाथही बोलले. घरपट्टी सगळ्यांनी भरावी हे त्यांचे मत बदललेले नाही. पण आपल्या शेजारच्या खुर्चीवर त्यांनी काशीरामला बसवून घेतले होते, असे मी ऐकतो.

मी आता काशीरामच्या पडवीवर आहे. माझ्या सावलीत सुभद्रा मासळी निवडते, मुले पाढे म्हणतात. मित्रांनो, माणसांनी मला साच्यात घातले, समुद्र ओलांडून आणले, डोक्यावरून वाहिले, आणि एकमेकांना दिले. एवढा मान मातीच्या किती गोळ्यांना मिळत असेल? म्हणून तुम्हाला एकच विनवणी आहे. वैशाख संपायच्या आत एकदा छपरावर चढा. कौले उचला, झाडा, पुन्हा बसवा. आमच्या कडेवर पाय देऊ नका, मधोमध रिपेवर द्या. आणि आमच्यातले एखादे फुटलेच, तर उकिरड्यावर टाकू नका.

माझ्या शेजारचे कौल मागच्या वर्षी दुभंगले. सुभद्राने त्याचा मोठा तुकडा चुलीपाशी ठेवला आहे. काल नव्या चाळीत एक कुटुंब राहायला आले. चूल मांडली होती, पण पेटवायला घरात काही नव्हते. सुभद्रा त्या तुकड्यावर विस्तव घेऊन, वाऱ्याला पदर आडवा धरून, त्यांच्या दाराकडे गेली.